चुना खाणारी कोंबडी

कोंबड्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची, त्या काळातली गोष्ट. आवडाकाकीची भुरी कोंबडी पातळ कवचाची अंडी घालू लागली. हात लावताच फुटायची. वर ती भिंतीचा चुना टोचून खायची.

काकी भडकली. "दाणे माझे, भिंत माझी आणि चुना मलाच लावतेस? येत्या रविवारी तुझा रस्साच करते!"

भुरी म्हणाली, "काकी, नुसत्या दाण्यांतून कवच कुठून आणू? म्हणून भिंत टोचते."

काकी वरमली. तिने कालवणातल्या तिसऱ्यांचे उरलेले शिंपले कुटून अंगणात टाकले.

रविवार उजाडला. काकीने सकाळीच रश्श्याचं वाटण वाटून ठेवलं. काकीने टोपलीत हात घातला. अंडी टणक!

"वाचले गं बाई!" भुरी म्हणाली. "पण काकी, ते वाटलेलं वाटण?"

"अंड्यांच्या रश्श्याला."