पुढे गेलेला डबा

एकदा एक बाई पळायला शिकण्यासाठी एका ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धाकडे गेली. ऐकणाऱ्याला यात विनोद वाटेल. पण त्या गावात तो कोणालाही वाटला नसता. कारण हे गेनूआबा तरुणपणी टपालखात्याचे हरकारे होते. घाटात मोटाररस्ता होण्यापूर्वी, टपालाची थैली खांद्यावर टाकून आणि घुंगरू बांधलेली काठी हातात घेऊन, ते एकोणीस वर्षे रोज पळत डोंगर चढले होते.

बाईचे नाव वैजयंती. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून, वय सेहेचाळीस. तिचे बालपण त्याच घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत गेले होते. सकाळी घुंगरांचा आवाज आला की हातातली भाकरी ताटलीत टाकून ती घराबाहेर पडे आणि हरकाऱ्याच्या मागून ओढ्यापर्यंत धावे. ओढ्याशी आबा मागे वळून न पाहता काठी उंच धरून दोनदा वाजवीत. तो तिला दिलेला निरोप असे. मग ती एकटीच परत येई, तीही धावतच. शाळेत जायचे ते धावत, मामा आला हे सांगायला शेतावर जायचे तेही धावत. बारावे वर्ष लागले तेव्हा एकदा आत्याने तिला अंगणात अडवले आणि म्हटले, "आता मोठी झालीस. रस्त्यानं असं पळू नये." त्या दिवशी तिचे पळणे थांबले. आणि ते थांबले आहे हे पुढची कित्येक वर्षे तिच्या स्वतःच्याही ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते रक्ततपासणीच्या कागदामुळे. साखर वाढली होती. तिच्या आईला याच साखरेपायी एक्कावन्नाव्या वर्षी उजवा पाय गमवावा लागला होता, आणि नंतरची नऊ वर्षे त्या माउलीने खिडकीशी बसून काढली होती. वैजयंतीने तो कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी बूट विकत आणले.

पहाटे उठून ती मैदानावर जाऊ लागली. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांतच छाती भरून आली. पाचव्या दिवशी कचेरीत तपासणी होती म्हणून खंड पडला, तो पंधरा दिवसांचा झाला. पुन्हा सुरुवात केली, तेव्हा सुनेच्या माहेरची मंडळी आली. तिसऱ्या वेळी तर काहीच कारण नव्हते. गजर झाला, आणि तो बंद करून ती अंथरुणात पडून राहिली. आपल्याला कशाची तरी लाज वाटते आहे आणि ती नेमकी कशाची ते कळत नाही, अशा मनःस्थितीत ती त्या संध्याकाळी आबांकडे गेली.

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पळून कुठं जातेस?"

"कुठं म्हणजे, मैदानाला फेऱ्या मारते."

"आणि पोचतेस कुठं?"

"जिथून निघते तिथंच की, आबा."

आबांनी विचारले, "कचेरी किती लांब तुझी?"

"साडेतीन किलोमीटर. स्कूटीनं दहा मिनिटं."

"उद्या साडेआठला येतो. डबा दोघांचा कर."

दुसऱ्या दिवशी आबा बरोबर साडेआठला दारात उभे राहिले. मागे रिक्षा थांबलेली होती. त्यांनी डबा मागून घेतला. कचेरीत नेसायची साडी आणि चपला एका पिशवीत घालायला सांगितल्या आणि तीही काखेत मारली. पर्स त्याच पिशवीत होती. मग हात पुढे करून म्हणाले, "स्कूटीची किल्ली." गाडी आडवी येत असेल असे समजून वैजयंतीने किल्ली दिली. ती खिशात टाकून आबा रिक्षात बसले.

"आबा, हे काय चाललंय?"

"मी पुढं होतो. तू ये. दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. बोलता येणार नाही इतकं पळायचं नाही."

रिक्षा गेली. पंजाबी पोशाखात आणि पायात बूट घालून वैजयंती रिकाम्या हातांनी आपल्याच दारात उभी राहिली. प्रथम तिला राग आला. ज्याच्याकडे विद्या मागावी त्याने अशी फजिती का करावी? मग तिच्या मनात आले की ब्याऐंशी वर्षांचा माणूस सकाळचा चहा तरी घेऊन निघाला असेल का, आणि ती निघाली.

दोन विजेचे खांब ती चालली. तिसऱ्यापर्यंत पळाली, म्हणजे पळण्यासारखे काहीतरी केले. एका किराणा दुकानदाराने फळी उचलता उचलता विचारले, "बाई, गाडी बिघडली काय?" तिने नुसती मान हलवली. पुढच्या वळणावर कचेरीत नेहमी उतारे मागायला येणारा एक गृहस्थ दिसला, तेव्हा पळायचा खांब असूनही ती चालत राहिली, आणि तो दिसेनासा झाल्यावर एक खांब जास्तीचा पळाली. शेवटच्या चढावर दम लागला. पण थांबावेसे वाटले नाही. कारण पिशवी पुढे गेली होती, डबा पुढे गेला होता, आणि त्या डब्याशी एक माणूस बसला होता.

कचेरीच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर आबा बसले होते. मांडीवर डबा, झाकण न उघडलेला.

"चहा घेतलात?"

"नाही. तू यायची होतीस ना."

वैजयंती त्यांच्या शेजारी बसली. श्वास खाली बसल्यावर तिने विचारले, "आबा, मला दम कसा धरायचा ते विचारायचं होतं. तुम्ही माझी किल्लीच काढून घेतलीत. असं का केलंत?"

आबांनी डबा उघडला, एक पोळी तिच्या हातावर ठेवली आणि मग बोलले.

"पोरी, दम पायात नसतो. घाटाच्या मध्यावर एक खिंड होती. मी खालून थैली न्यायचो, पलीकडून बाळकू नावाचा हरकारा त्याची थैली घेऊन यायचा. खिंडीत थैल्या बदलायच्या आणि माघारी फिरायचं. लोक म्हणायचे, गेनू सरकारच्या पगारासाठी पळतो. पगारासाठी माणूस चालतो, पळत नाही. मी उशीर केला तर बाळकू वाऱ्यात बसून राहायचा, माझ्यावाचून भाकरी सोडायचा नाही, एवढंच मला ठाऊक होतं. ताप असला तरी पाय उचलायचे. पुढं रस्ता झाला, टपालाची मोटार आली. पहिल्या दिवशी थैली नव्हती, तरी सकाळी मी सवयीनं निघालो. खिंडीत पोचलो तर बाळकू बसलेला. दोघांनी भाकरी खाल्ली. मग तो त्याच्या बाजूला उतरला, मी माझ्या. मैदानावर तुझी वाट कोण बघत होतं? कोणी नाही. म्हणून गजर बंद करता आला. लहानपणी तुला पळायला कोणी शिकवलं नव्हतं. तू कुठंतरी निघालेली असायचीस, म्हणून पळायचीस."

वैजयंतीने दुसरी पोळी आबांच्या हातावर ठेवली.

तीन आठवडे आबा रोज रिक्षाने पुढे जाऊन बसत. संध्याकाळी ती किल्ली परत मागत नसे. चालत घरी येई. दोन खांब चालणे, एक खांब पळणे याचे हळूहळू एकास एक झाले. दुकानदाराने विचारणे सोडून दिले. साड्या कचेरीच्या कपाटातच राहू लागल्या. चौथ्या आठवड्यात किल्ली तिच्या हातावर ठेवून आबा म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. गुडघा रिक्षात चढू देत नाही."

"मग तिथं कोण बसेल?"

"ते मला काय माहीत? पण रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची वाट कोणी ना कोणी बघतंच. माझी किती जण बघायचे ते मला नोकरी सुटल्यावर कळलं. त्यात तूही होतीस. ओढ्याशी थांबायचीस, तू माघारी गेल्यावर मला पुढचा चढ जड जायचा."

हे तिला ठाऊक नव्हते. आपणच त्यांच्या मागे धावत होतो, एवढेच तिला इतकी वर्षे माहीत होते.

आता डबा कचेरीचा शिपाई सायकलवरून पुढे नेऊ लागला. दहा-बारा दिवस बरे गेले. मग एका सकाळी आभाळ भरून आले, अंग मोडल्यासारखे झाले, आणि वैजयंतीने विचार न करता स्कूटी काढली. कोणी विचारणार नव्हते. दिवसभर मात्र तिला काहीतरी विसरल्यासारखे वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पायी निघाली. वाटेत एक बसथांबा लागे. तिथे तिच्याच वयाची एक बाई हातात कापडी पिशवी घेऊन रोज उभी असे. आजवर नजरानजरेपलीकडे काही घडले नव्हते. आज ती दोन पावले पुढे आली.

"काल दिसला नाहीत."

"काल गाडीवरून गेले," वैजयंती थांबून म्हणाली.

"बरं आहे ना सगळं? मला वाटलं, आजारी बिजारी पडलात. मी वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. तुम्ही गेलात की पाच मिनिटांत माझी बस येते. काल तुम्ही आला नाहीत म्हणून बघत राहिले, आणि पहिली बस सोडली." मग थोडे संकोचून तिने पुस्ती जोडली, "तुम्हाला पळताना बघितलं की दिवस बरा जातो. आपल्या वयाचं कोण पळतं हो?"

बस आली, बाई चढली, खिडकीतून तिने हात केला. मग वैजयंती निघाली. त्या दिवशी तिने खांब मोजले नाहीत.

संध्याकाळी तिने आबांना सगळे सांगितले. आबांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

"मग उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी वैजयंती घरातून दहा मिनिटे लवकर निघाली.