एकाच सुकाणूची दोन वचने

मंडळी, खवळलेल्या पाण्यात तुम्ही भरवसा कुणावर टाकाल? गोड बोलून उमेद वाढवणाऱ्यावर, की चारचौघांत आपली चूक सांगणाऱ्यावर?

पूर्वी शूर्पारक बंदरात एक धर्मशील राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध, त्याच्या जहाजाचा सुकाणूधारी आणि तरुण नावाड्यांचा आचार्य होता. खडकांनी भरलेल्या खाडीतून जहाज बाहेर कसे काढावे, हे तो शिकवी.

त्याच्या बारा शिष्यांत दोघे तरबेज होते. बड्या व्यापाऱ्याचा मुलगा इसिदत्त आणि कोळ्याचा पुसणक. दोघांचे क्षणभर पटत नसे. दोर कुणी आधी उचलला, आचार्यांजवळ कोण बसला, एवढ्यावरून गचांडी धरली जाई. बोधिसत्त्वाने त्यांना लांब बसवले, उपाशी ठेवले, पाणी वाहायला लावले. भांडण मिटले नाही. त्याच्या पाठीमागे होऊ लागले, इतकेच.

एके दिवशी ओहोटीच्या वेळी सगळे नावेतून सरावाला निघाले. खडक जवळ येताच दोघांनी एकदमच सुकाणू धरले.

"सोड!" इसिदत्त ओरडला. "जाळी ओढायची सोडून इथं कुठं कडमडतोस?"

"आणि तू बापाच्या गोण्या मोजत बस की!" पुसणकाने दोर कापायची सुरी उपसली.

ओढाताणीत नाव आडवी झाली. खडकावर फुटणारे पाणी आत उडू लागले.

"आचार्य, सांगा ह्याला," इसिदत्त किंचाळला, "राजाच्या जहाजाचं सुकाणू तुमच्यानंतर मलाच देणार, असं म्हणाला होतात ना?"

"खोटारड्या! ते मला म्हणालेत!"

बोधिसत्त्व दोघांनाही तसेच म्हणाला होता, एकेकट्याला गाठून, जीव ओतून शिकावे म्हणून. एकच माल दोन गिऱ्हाइकांना कबूल करून बसलेल्या दुकानदारासारखी त्याची गत झाली. खरे सांगावे तर बारा घरांत बोभाटा होणार, शाळा बंद पडणार. एकाला खोटे पाडून अब्रू वाचवता आली असती. पण सुरी उगारलेलीच होती, आणि खडक चार हातांवर आला होता.

"दोघांनाही म्हणालो," तो मोठ्याने म्हणाला. "चूक माझी. तुमच्यात कुणीच खोटं बोलत नाहीये."

पुसणक इसिदत्ताकडे बघतच राहिला. "म्हणजे इतके दिवस तू..."

"तूसुद्धा?"

"नंतर बोला रे!" मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडले.

सुरी खाली पडली. दोघांनी मिळून सुकाणू दाबले. खडकाने एक फळी उखडून नेली, पण नाव निसटली.

त्या वर्षी सात शिष्यांना घरच्यांनी काढून नेले. पुसणक महिनाभर आचार्यांशी बोलला नाही. इसिदत्ताशी मात्र बोलू लागला. बोधिसत्त्वाने पुन्हा कुणाला एकट्याला गाठून आशा दाखवली नाही. कौतुक, कानउघाडणी, जहाजासाठी निवड, सगळे सगळ्यांसमोर. सुकाणूची पाळीही रोज सकाळी उघड ठरे. मारामाऱ्या थांबल्या.

विहारात भिक्षापात्रावरून भांडलेल्या दोन भिक्षूंना ही कथा सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "ते दोन शिष्य तुम्हीच होता, आणि तो आचार्य मी. त्या दिवशी नाव वाचली ती सत्यपारमितेने, खरे बोलण्याच्या परिपूर्ण व्रताने."

तेव्हा शिकवणाऱ्या मंडळींना हात जोडून एवढेच मागणे आहे: कुठल्या शिष्याला काय कबूल केलेत, त्याचाही हिशेब ठेवा, आणि तो खरा ठेवा.