उपाशीपोटी या

त्या राज्यात आजार थोडे होते आणि तपासण्या फार. वैद्य तीन: बगळा, घुबड आणि साळिंदर. रोग्याची हकीकत प्रत्येक जण पानावर लिहायचा, ते पान आपल्या झाडाच्या ढोलीत ठेवायचा आणि तोंडाशी दगड लावायचा. दुसऱ्या वैद्याचं पान मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्याइतकं असभ्य मानलं जाई. त्यामुळे रोगी कितीही जुना असो, नव्या दारी गेला की तो कोराच.

तिथल्या एका अस्वलाला सकाळी उठल्यावर गरगरायचं. ते बगळ्याकडे गेलं. आता काही खायचं नाही, उद्या उपाशीपोटी या, असं बगळ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी रांग एवढी, की अस्वलाचा नंबर लागेतो दिवस कलला. बगळ्याने रक्ताचा थेंब चोचीवर घेतला, डोळे मिटले आणि निदान अगदी अचूक केलं. पानावर लिहिलं: पोट रिकामं राहिलं की याला चक्कर येते, याला उपाशी ठेवू नये. पान ढोलीत गेलं. रोग्याला निदान सांगायची पद्धत नव्हती, उगाच घाबरतात बिचारे! वर, डोळेही दाखवून घ्या म्हणून त्याने अस्वलाला घुबडाकडे धाडलं.

घुबडाने विचारलं, काही खाल्लंय का? नाही म्हटल्यावर ते खूश झालं. मग तसेच राहा, म्हणालं, उद्या उपाशीपोटीच बघू. दुसऱ्या दिवशी डोळे ठणठणीत निघाले, तेही पान ढोलीत गेलं आणि अस्वल साळिंदराकडे. साळिंदर सुया टोचण्यात वाकबगार, पण त्यालाही रोगी उपाशीच लागायचा. चौथ्या दिवशी त्याच्या दारातच अस्वल धाडकन आडवं झालं.

मग काय, एकच धावपळ! रानगव्यांनी त्याला उचलून मोठ्या गुहेत दाखल केलं. शेजारच्या खाटांवर एक हरीण आणि दोन ससे होते, तेही असेच तपासता तपासता आजारी पडलेले. गुहेचा प्रमुख गेंडा. त्याने प्रकरण गंभीर असल्याचं जाहीर केलं आणि उद्या सगळ्या तपासण्या नव्याने करायच्या, तोवर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, असं फर्मावलं. अस्वलीण मधाचं पोळं घेऊन दारात उभी होती, तिला आत सोडेनात. नवरा हातचा जातोय हे तिला दिसत होतं आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

ती बगळ्याकडे धावली. पान बाहेर देता येत नाही, रोग्याच्याच भल्यासाठी, असं त्याने शांतपणे समजावलं. पण त्याच्या ढोलीत एक कोळी राहायचा, पानं वाचून वाचून अर्धा वैद्य झालेला. त्याला राहवलं नाही. त्याने तिन्ही ढोल्यांपासून गुहेपर्यंत धागा ताणला आणि पहिलं पान त्यावरून सोडून दिलं.

पान सरसरत गुहेत आलं. गेंड्याने वाचलं, "याला उपाशी ठेवू नये." तोवर तिन्ही वैद्य धापा टाकत पोचले. घुबडाला अक्षराचा संशय आला. साळिंदराच्या मते पान दोन दिवसांचं, म्हणजे शिळं. खुद्द बगळाही म्हणाला, माझंच आहे, पण खात्रीसाठी पुन्हा तपासावं लागेल. उपाशीपोटी. गेंड्याने मान डोलावली.

"तपासा हो खुशाल," अस्वलीण दारातून म्हणाली, "पण तोवर हे उरायला नकोत?"

यावर चर्चा सुरू झाली. ती रंगात आली असताना अस्वलाने मान उचलली, समोरचं पान जिभेने ओढलं आणि चावून खाल्लं. त्याच्या डोळ्यांत जीव आला. मागोमाग दुसरं पान आलं, तेही गेलं. हरणाने आपल्या नावाचं पान ओळखलं आणि ते उठून बसलं. सशांनी तर खाटेवरून उड्याच मारल्या. कोळी काही थांबेना.

वैद्यांचा वाद मिटला तेव्हा गुहेत एकही खाट भरलेली नव्हती. दाराशी, धाग्याखाली, सगळे रोगी ओळीने तोंड उघडून आपापल्या पानाची वाट पाहत बसले होते.