पारख्यानं गिळलेला शब्द

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दात यायचे होते. मग आज मिशीला पीळ देणाऱ्यांचं तर नावच नको.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. पीक बुडालं, कणग्या रिकाम्या झाल्या, की गाव रानातल्या वाळल्या शेंगांवर जगायचं. त्या रानात दोन वाल होते. एक गोडवाल, दुसरा येडवाल. दोघे सख्खे भाऊ. पानं तशीच तीन-तीन, फुलं तशीच जांभळी, शेंगा तशाच चपट्या. गोडवाल पोट भरायचा. येडवाल कितीही शिजवा, माणसाला गरगर फिरवायचा, आणि पोटुशी बाईच्या तर जिवावरच बेतायचा.

फरक होता तो आतल्या दाण्यात. गोडवालाच्या दाण्याचा पांढरा डोळा तिळाएवढा, येडवालाचा अर्ध्या दाण्याला वळसा घालणारा. पण ही खूण एकट्या पारख्याच्या, म्हणजे गावासाठी वाल पारखणाऱ्याच्या, घराण्याला ठाऊक. बाप मुलाला कानात सांगायचा, बाकीच्यांनी विचारायचं नाही. त्याबदली पारख्यानं भर दुपारी सगळ्यांसमोर आधी स्वतः वाडगाभर खायचं आणि दिवस मावळेपर्यंत पारावर बसून राहायचं. तो धड राहिला, तरच गावाला वाढायचं. आणि पहिला वाडगा पारख्याच्याच घरात द्यायचा. मान असतो ना!

तेव्हाचा पारखी होता सुभानबा. माणूस हुशार. पण लोकांनी इतकं कौतुक केलं, की गड्यानं शेंग सोलणंच सोडून दिलं. लांबूनच वेलाकडे बघायचा, एक डोळा मिटायचा, मिशी हलवायचा आणि म्हणायचा, "गोड!" लोक माना डोलवायचे. फुकटचा खेळ कुणाला नको असतो?

त्या वर्षी पीक बुडालं. धुरपदा नावाच्या बाईच्या बांधावर एक वेल लगडला होता, ओढ्याकाठी दुसरा. सुभानबानं लांबूनच डोळा मिटला.

धुरपदा म्हणाली, "अहो, तुमचे वडील शेंग सोलून बघायचे. तुमच्या नुसत्या नजरेनंच दाणा शिजतो का?"

बायका खुदखुदल्या. सुभानबाचे कान तापले.

"हिच्या बांधावरचा येडा!" तो गरजला. "उपटा तो. ओढ्याकाठचा गोड."

वेल मुळासकट उपटला. धुरपदाच्या शेळ्यांनी जागेवरच फडशा पाडला.

"बघा की, शेळ्या खातायत! येड्याला तोंड लावतात का त्या?" धुरपदा कळवळली.

"मग पुढल्या साली शेळीलाच पारखी नेमा," सुभानबा म्हणाला. आता गाव हसलं. धुरपदानं पदरानं डोळे पुसले.

दुपारी ओढ्याकाठचे वाल शिजले. सुभानबा पारावर ऐटीत जेवायला बसला. दोन घास गेले. तिसऱ्या घासाला वाडग्यातला एक दाणा त्याच्याकडे बघू लागला. डोळा लांबलचक, अर्ध्या दाण्याला वळसा घातलेला.

एखादा चुकून मिसळला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. दुसरा दाणा उलटा केला. तोही तसाच. तिसराही.

एक शब्द पुरला असता. पण समोर धुरपदा उभी होती. सुभानबानं तो शब्द गिळला, आणि त्याच्यामागून उरलेला वाडगाही.

थोड्या वेळानं पिंपळ डोलायला लागला. वारा तर नव्हताच.

"सुभानबा, घाम का हो फुटलाय?" पाटलांनी विचारलं.

"ऊन आहे."

"तुम्ही तर सावलीत बसलाय!"

"सावलीचंच ऊन आहे हे."

धुरपदा जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "बरं वाटत नसेल तर सांगा. कुणी हसणार नाही."

टोमणा मारला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "मला काय धाड भरलीय!" तो म्हणाला आणि बसल्या जागी पाराची कड घट्ट धरली.

दिवस मावळला. हंड्याचं झाकण निघालं. पहिला वाडगा रिवाजाप्रमाणे सुभानबाच्या सुनेला मिळाला. तिला आठवा महिना. भुकेली पोर, तिनं लगेच घास उचलला.

सुभानबा ओरडायला गेला, तर जीभ उचलेना. मग त्यानं पारावरून उडी टाकली, धडपडला, सुनेच्या हातावर फटका मारला आणि हंड्याला लाथ घातली. सगळे वाल मातीत. तेव्हा कुठं जीभ सुटली.

"खाऊ नका! येडा आहे! मला... मला दुपारीच कळलं होतं."

एवढं बोलून तो पाटलांच्या नव्या वहाणांवर ओकला.

पाटलांनी वहाणा काढून ठेवल्या. म्हणाले, "चुकलात, त्याचं काही नाही. पण दुपारपासून गप्प बसलात?"

 सुनेनं हात धुतला, पुन्हा धुतला, आणि सासऱ्याकडे न बघता घरात गेली. गाव उपाशी झोपलं. तो उन्हाळा लोकांनी कंद उकरून काढला.

चालण्याइतका बरा झाल्यावर सुभानबा धुरपदाच्या गोठ्यात गेला. शेळ्या रवंथ करताना कडक दाणे थुंकतात. तो झाडू घेऊन ओणवा झाला आणि शेणा-लेंड्यांतून उपटलेल्या वेलाचा एकेक दाणा वेचू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मौज.

"काय पारखीबुवा, आता लेंड्यांची पारख का?"

त्यानं मान वर केली नाही. धुरपदानं सूप आणून पुढं धरलं. त्यानं पहिला दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

"हा डोळा बघ, बाई. बारीक असेल तर गोड. लांब असेल तर येडा. पावसात बांधावर लाव, आणि ही खूण गावात सगळ्यांना सांग. एकट्या माझ्यावर सोडू नका."

"हे त्या दुपारी सांगितलं असतंत तर?"

सुभानबानं झाडू उचलला. तो पुन्हा ओणवा झाला.

तात्पर्य : 'चुकलो' एवढा शब्द गिळणाऱ्याची लाज टळत नाही, ती मोठी होते आणि घरच्यांच्या ताटापर्यंत येते.