खाडी ओलांडणारं दार

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सोनभाट गावात खाडीच्या काठाला सिस्टरांचा मठ होता. पहाटे प्रार्थना, मग दवाखाना, दुपारी गावच्या मुलींना शिवण, संध्याकाळी वांग्या-मिरच्यांना पाणी, असा त्यांचा दिवस जायचा. त्यांतल्या एकीचं नाव सिस्टर स्कोलास्तिका. एवढं नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला इस्कोलमाय म्हणत. अंगानं धिप्पाड, हसणं गडगडाटी. ती हसली की माडावरचे कावळे उडायचे, आणि तिनं हात धरला की बाळंतिणीच्या अर्ध्या कळा पळून जायच्या, असं म्हणतात.

मठाच्या प्रमुख मदर आग्नेस मात्र कडक शिस्तीच्या. दिवस मावळला की मठाचं सागवानी दार लागायचं, ते पहाटेच्या घंटेलाच उघडायचं.

एका श्रावणात खाडीला असं उधाण आलं की काठाच्या होड्या दोर तोडून समुद्रात गेल्या. त्याच दुपारी पलीकडच्या कावळबेटावर बायका लाल लुगडं हलवताना दिसल्या. लाल लुगडं म्हणजे बाई अडली.

इस्कोलमाय पिशवी घेऊन धावली. काठावर धाकू तांडेल डोक्याला हात लावून बसला होता.

“माय, एक होडी नाय उरली. जाशील कशानं?”

माय मागे वळली. मठाच्या दाराकडे बघत राहिली. मग दारात आलेल्या मदरना म्हणाली, “मदर, हे दार द्याल?”

“दार? आणि मठ उघडा टाकू?”

“पलीकडे एक जीव दाराशी अडलाय, मदर.”

मदर आत गेल्या आणि पहार घेऊन आल्या. पहिली बिजागरी त्यांनी स्वतः उचकटली.

दार पाण्यात लोटलं. पुढे धाकू बांबू घेऊन, मागे माय मांडी घालून.

“तुझ्या वजनानं बुडंल गो, माय!”

“अरे, वजन आहे म्हणून तर वाऱ्यानं उडणार नाही!”

काठावर सिस्टरांनी मारियामातेचं गीत धरलं. मधोमध पोचल्यावर भोवऱ्यानं दार गरगर फिरवलं आणि धाकूचा बांबू मोडला. तेव्हा मायही घाबरली. डोळे मिटून तिनं मारियामातेला हाक मारली. आणि काय सांगावं! बोय माशांचा थवाच्या थवा चांदीसारखा उसळला, दाराखाली शिरला, आणि त्यानं दार पाठीवर घेऊन थेट बेटाला लावलं, असं म्हणतात. त्या दिवसापासून धाकूनं जन्मात बोय खाल्ला नाही.

अडलेली बाई होती हिरूबाय. पोटात मूल आडवं झालेलं. मायनं तेलाच्या हातानं चोळून चोळून ते वळवलं. पोर जन्मली, पण रडेना. मायनं तिला उराशी धरलं, तोंडावर फुंकर घातली.

“आलीस ना? मग सांग की सगळ्यांना!”

तशी पोरीनं असा टाहो फोडला की तो खाडीपलीकडे मदर आग्नेसना ऐकू आला, आणि कधी न हसणाऱ्या मदरनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, असं म्हणतात. आजीनं नातीचं नाव ठेवलं द्वारका.

उधाण ओसरल्यावर बेटकऱ्यांनी ते दार नव्या होडीत घालून, वर नारळ-तांदळाची रास रचून, वाजतगाजत परत आणलं. पण पाण्यानं फुगलेलं दार चौकटीत बसेना. सुतारानं रंधा काढला.

मदर म्हणाल्या, “राहू दे. बंद होत नसेल, तर उघडंच राहू दे.”

माय जाऊन आता पिढ्या झाल्या. खाडीवर पूल आला, तालुक्याला इस्पितळ आलं. तरी दोन्ही काठांवर कुणाला कळा सुरू झाल्या, की आळीतली सगळी दारं उघडतात, चर्चजवळची आणि देवळाजवळचीही. पाऊस आत येतो, कोंबड्या आत येतात, पण कुणी दार लावत नाही. बाळ सुखरूप आल्याचा निरोप पोचला, की म्हाताऱ्या उंबऱ्यावर येऊन एकमेकींना ओरडून सांगतात, “पोचली गो माय!”

मगच दारं लोटली जातात. कडी मात्र त्या दिवशी कुणीच घालत नाही.