परीक्षेचा हत्ती

फार पूर्वी वेणुपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या जन्माला आला होता. त्याचे नाव सुदंत. नगराबाहेर नदीकाठी माहुतांचे एक मोठे विद्यालय होते आणि सुदंत तिथला परीक्षेचा हत्ती होता. तीन वर्षे शिकलेला प्रत्येक विद्यार्थी शेवटी त्याच्या मानेवर बसायचा आणि राजाचा अमात्य मांडवात बसून पाहायचा. हत्तीला बसवायचे, उठवायचे, ओंडका उचलायला लावायचा, वळवायचे, मागे हटवायचे, नगाऱ्यासमोर स्थिर ठेवायचे आणि शेवटी पाण्यात उतरवायचे. ही सात कामे जमली की राजमुद्रेचा अंकुश हाती पडे. तो अंकुश पाहिला की कुठल्याही गजशाळेत त्या माहुताला डोळे झाकून कामावर घेत.

गंमत अशी की वीस वर्षांत या विद्यालयाचा एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता. आचार्य सोमदंत भला माणूस, पण कौतुक ऐकून ऐकून त्यांनाही वाटू लागले होते की आपला हातगुणच तसा. खरी गोष्ट एकट्या सुदंताला ठाऊक होती.

वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची ऐन परीक्षेत वाचाच बसली. काय करायचे तेच तो विसरला. सुदंताला त्याची कणव आली. पहिले काम बसण्याचे, हे त्याला माहीतच होते, म्हणून तो आपणहून बसला. पुढची सहाही कामे त्याने तशीच उरकली. खाली उतरल्यावर तो मुलगा त्याच्या सोंडेला मिठी मारून रडला. मग पुढच्या वर्षी दुसरा घाबरला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. कामांचा क्रम काही कधी बदलत नसे. खरे तर माहुताचा हुकूम असतो तो कानामागे दाबलेल्या अंगठ्यांचा, तोंडचे शब्द नुसते सोबतीला. पण कुणाचा अंगठा कितीही चुको, सुदंत बरोबर तेच करी. आपण पोरांचे भले करतो आहोत, असे त्या बिचाऱ्याला मनापासून वाटे.

एके दिवशी एका व्यापाऱ्याचा तांडा नदीवर उतरला. त्यातली एक म्हातारी हत्तीण सुदंताशेजारी पाणी पीत होती. तिने सांगितले की तुमच्याकडचा पुन्नक नावाचा माहूत गेल्या हिवाळ्यात आमच्या कालदंड हत्तीच्या पायाखाली मेला. कालदंड माजावर नव्हता, रागातही नव्हता. पुन्नक तोंडाने थांब म्हणत होता आणि अंगठ्यांनी पळ म्हणत होता. हत्ती पळाला, माणूस पडला. लोकांनी नशिबाला बोल लावला आणि विषय संपला.

सुदंताचे काळीज चरकले. पुन्नक त्याला चांगला आठवत होता. त्याच्या परीक्षेची सातही कामे सुदंतानेच केली होती.

त्यातून व्यापाऱ्याने पुन्नकाची बातमी सांगून आचार्यांकडे कालदंडासाठी नवा माहूत मागितला आणि आचार्यांनी रेवताला पाठवायचे कबूल केले. परीक्षा तेवढी व्हायची होती. आता हा रेवत म्हणजे सुदंताचा लाडका. रोज ऊस आणणार, कान चोळून देणार, आणि अंगठे मात्र पुन्नकासारखेच उलटे दाबणार. सुदंताने तीन दिवस चाऱ्याला नीट तोंड लावले नाही.

परीक्षेच्या सकाळी रेवत हसतमुखाने मानेवर चढला आणि म्हणाला, "बैस." त्याच्या अंगठ्यांनी मात्र मागे हट म्हणून सांगितले. पोरगा कालदंडासमोर उभा राहिलेला सुदंताला दिसू लागला. आयुष्यात प्रथमच त्याने फक्त अंगठ्यांचे ऐकले. तो मागे हटला, आणखी हटला आणि थेट मांडवाच्या खांबावर जाऊन टेकला. मांडव अमात्याच्या अंगावर आला, विड्यांचे तबक उलटले. लोक हसून हसून लोटपोट झाले. रेवत उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. अमात्याला मांडवाखालून बाहेर काढल्यावर आणखी दहा जण चढले आणि दहाही जण तसेच नापास होऊन उतरले.

अमात्य संतापला होता. हत्तीला म्हातारचळ लागला, त्याला लाकडे ओढायला पाठवा, असे तो म्हणाला. आचार्यांनाही राग आला होता. ते स्वतः मानेवर चढले. तोंडातून अवाक्षर न काढता त्यांनी नुसत्या अंगठ्यांनी सातही कामे उलटसुलट क्रमाने सांगितली. सुदंताने एकही चुकवले नाही.

चूक हत्तीची नव्हती, मुलांच्या अंगठ्यांची होती, हे आचार्यांच्या ध्यानात आले. मग कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारले, "पुन्नकाच्या वेळीही तूच का रे?"

सुदंताने मान खाली घातली. आचार्यांचे डोळे भरून आले. तू दयेपोटी केलेस, मला तर मुले शिकली का ते पाहायचे काम नेमून दिले होते, असे ते स्वतःशीच पुटपुटले आणि खाली उतरले.

अमात्याने त्यांना बाजूला घेतले. एखादा दुसरा गरीब हत्ती आणा, महिन्याभरात परीक्षा उरकू, विद्यालयाचे नावही राहील आणि माझेही, असे त्याने समजावले. आचार्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर दिले.

"हत्ती बिघडलेला नाही, अमात्य. वीस वर्षे माझ्या मुलांची परीक्षा हाच देत आला. आज त्याने ती मुलांना देऊ दिली."

त्या वर्षी एकही अंकुश दिला गेला नाही. जुन्या माहुतांना परत बोलावून आचार्यांनी नव्याने शिकवले. परीक्षेला दरवेळी परका हत्ती आणि दुसऱ्या गावचा परीक्षक असावा, कामांचा क्रम परीक्षकाने आयत्या वेळी ठरवावा, असा नियम राजाकडून करून घेतला. विद्यालयाची नाचक्की झाली, निम्मी मुले निघून गेली. रेवत राहिला, पण सुदंतावर रुसला. वर्षभर त्याने उसाचे कांडेसुद्धा दिले नाही. सुदंत त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसे. पुढच्या परीक्षेत रेवत परक्या हत्तिणीवर बसला, पास झाला आणि निरोप न घेताच कालदंडाकडे निघून गेला.

दोन वर्षांनी एका दुपारी कालदंड विद्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. मानेवर रेवत होता, धडधाकट. त्याच्या अंगठ्याच्या एका खुणेसरशी तो प्रचंड हत्ती गुडघे टेकून बसला. रेवत उतरला, सुदंतापुढे उसाची मोळी ठेवली आणि पूर्वीसारखे त्याचे कान चोळू लागला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली ती एका तरुण भिक्षूला. एकट्याने उपदेशाला जायची परवानगी त्याला शिकवणाऱ्या वृद्ध स्थविराने नाकारली, म्हणून तो खट्टू होऊन बसला होता. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा रेवत तू होतास. आचार्य सोमदंत म्हणजे तुला थांबवणारा हा स्थविर. सुदंत हत्ती मीच होतो."

"आणि पुन्नक?" भिक्षूने विचारले.

"त्याच्या मरणातूनच मी सत्यपारमिता शिकलो, दयेपोटीही सत्य न सोडण्याची साधना," शास्ता म्हणाला.

भिक्षू उठला आणि पुन्हा स्थविरापाशी शिकायला जाऊन बसला.