समुद्राचं चित्र असलेली पाटी

पाट्या बोलत असत त्या काळची गोष्ट. कालव्याच्या काठाने निघून शेतांमधून थेट समुद्रापर्यंत जाणारी एक पायवाट होती. तिच्या तोंडाशी लोकांनी मोठी पाटी उभी केली. पाटीवर भातशेती, खाडी, समुद्र आणि चालण्याचे फायदे असं सगळं रंगवलेलं होतं. लोक यायचे, पाटी वाचायचे, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि घरी जायचे.

पायवाटेवर गवत चढू लागलं. ती म्हणाली, "पाटीताई, कोणाचं तरी पाऊल पडू दे गं. नाहीतर मी बुजून जाईन."

"अगं, माझ्यामुळेच तर तुझं नाव झालं!" पाटी म्हणाली.

तेवढ्यात एक शेळी आली. "काय लिहिलंय हो बाई?"

"तुला अडाणीला काय कळणार? चालण्यातला सगळा आनंद लिहिलाय."

"मग मला चालूनच बघावं लागेल," असं म्हणून शेळी गवत खात खात निघाली. तिसऱ्या दिवशी ती समुद्रावर पोचली. तिच्या मागे पायवाट पुन्हा दिसू लागली.

पाटीने लोकांकडे तक्रार केली. आठवड्याभरात तिच्यावर एक नवी ओळ आली: 'या वाटेवर जनावरांनी चालू नये.'